मीडियम वेव्हवर दौलतकाका

भूतखेत, करणी, अंगात येणं... यातलं मला काहीही पटत नाही, हे आधीच सांगून टाकतो. मी रेडिओचं वेड लागलेला माणूस. आवाज आला की तो कुठून आला हे शोधल्याशिवाय मला घास गोड लागत नाही.

सत्तरच्या दशकाचा शेवट असेल. आमचं गाव भंडारा जिल्ह्यात, नाकाडोंगरीच्या अलीकडे – एका बाजूला तलाव, दुसऱ्या बाजूला जंगल. रोज दिवेलागणीला मी तीन बँडचा ट्रान्झिस्टर घेऊन तलावाच्या पाळीवर, म्हणजे मातीच्या बांधावर बसायचो. ती वेळच तशी! दिवसा मीडियम वेव्हवर फक्त जवळची स्टेशनं लागतात. ऊन उतरलं की दूरदूरची हळूच वर येतात... सिलोनकडची, कधी अरबी, कधी भलत्याच भाषेतली. थोडा वेळ खणखणीत, मग गडप. याचं डोकं फिरलं, असं लोक म्हणायचे. म्हणोत बापडे.

त्या कार्तिकात आमच्या दौलतकाकांचा लाख्या नावाचा बैल जंगलातून परतला नाही. काका त्याला शोधायला गेले आणि तेही परतले नाहीत. गावाने जंगल पिंजून काढलं, हाका मारमारून लोक थकले. वाघानं नेलं, असं जो तो म्हणू लागला. काकूच्या पाठीमागे क्रियाकर्माची कुजबुजही सुरू झाली. मला त्या सगळ्यांचा भयंकर राग आला.

त्या संध्याकाळी पाळीवर बसून उगाच काटा फिरवत होतो. दोन स्टेशनांच्या मधल्या खरखरीतून आवाज आला – “हाऽऽ लाख्या... ये गाऽऽ, ये...” आणि मग जिभेने टक् टक्.

आमच्याकडे बैलाला बोलवायची ज्याची त्याची हाक वेगळी असते. ही दौलतकाकांचीच होती. अंगावर काटा आला, खोटं कशाला सांगू!

पण पळालो नाही. सेट हातात धरून सावकाश फिरवायला लागलो. मीडियम वेव्हची अँटेना म्हणजे आतली एक आडवी कांडी. तिचं टोक आवाजाच्या दिशेला आलं की आवाज बुडतो. संध्याकाळी दूरच्या स्टेशनचा आवाज असा साफ बुडत नाही, कारण तो आकाशातून खाली येतो. हा मात्र पार बुडाला... म्हणजे जवळचाच होता! मी त्या दिशेने मातीत रेघ ओढली. ती सरळ जंगलात जात होती. पण एका रेघेवर माणूस सापडत नाही, दुसऱ्या जागेवरून दुसरी रेघ लागते. तोवर आवाज गडप झाला होता, त्यामुळे पुन्हा संध्याकाळ व्हायला हवी होती.

घरी सांगितलं तर बाबा भडकले. “घरचा माणूस गेला अन् तू रेडिओ घेऊन बसून राहिला? लाज वाटते का नाही?”

काकू दारात उभी होती. “उद्या मले ने संग, बापू,” एवढंच म्हणाली.

दुसऱ्या संध्याकाळी आम्ही गावाच्या दुसऱ्या टोकाला, खळ्यावर बसलो. हाक आली. आदल्या दिवसापेक्षा क्षीण. काकूने माझं मनगट घट्ट धरलं. “त्याईचाच आवाज हाये! काहून थांबून राहिला? फिरव ना!”

दोन रेघा जिथे भेटत होत्या, तिथे मँगनीजची जुनी, सोडून दिलेली खदान होती. “थे आमी पाहून आलो ना गा,” लोक म्हणाले. वरून पाहिलं होतं. झुडपांखाली कोणीच उतरलं नव्हतं.

“येता तं या, नाही तं नका येऊ. मी जातो,” म्हटलं. उजाडताच निघालो. बाबा दोर घेऊन मागे आले, काकूही निघाली.

काका खाली पडलेले होते. पाय मोडलेला, डबक्यातलं पाणी पिऊन तगलेले... पण जिवंत! काकू वरूनच रडायला लागली, आणि रडता रडता त्यांना शिव्याही द्यायला लागली. मीही रडलो.

तिथे यंत्र नव्हतं, तारेचा तुकडासुद्धा नव्हता. मग तो आवाज माझ्या रेडिओत आला कसा? पुढे कितीतरी जाणकारांना विचारलं, कोणालाच सांगता आलं नाही. मलाही आजवर नाही. आणि भंडाऱ्याच्या दवाखान्यात पायाला प्लास्टर घालून पडलेल्या काकांनाही विचारलं होतं.

“काका, तुमी रोज सांजच्या वेळी लाख्याले हाका मारत होते ना?”

काकांनी मान हलवली. घशातून नुसती हवा येत होती. “हाका कुठच्या गा... वरडू वरडू पयल्याच दिवशी घसा बसला. बैल घरी याची वेळ झाली का मनातल्या मनात बलावत होतो.”