पायानं सांगितलेलं काम

आमच्या मिलमध्ये उसना तांदूळ व्हायचा. धान हौदात भिजायचं, टाकीत वाफवलं जायचं, आणि ते गरम धान आम्ही आठ बाया टोपल्यांनी सिमेंटच्या पटांगणावर नेऊन वाळत घालायचो. मग दिवसभर त्यातून पाय ओढत चालायचं, म्हणजे खालचं धान वर येतं. पटांगण सिहोऱ्याच्या रस्त्याला लागून होतं, पण रस्ता दिसत नसे. चारी बाजूंनी उंच भिंत. सावली फाटकाजवळच्या एका कडुलिंबाची.

आणीबाणी उठून गेली त्यानंतरच्या सालात आधीची मुकादमीन थकून घरी बसली आणि दिवाणजींनी मला मुकादमीन केलं. मी चौथी शिकलेली आणि भांडत नाही, एवढंच त्यांनी पाहिलं. पण मला बोलायचीच सोय नव्हती. वाफेच्या टाकीवर माझे भासरे होते, नवऱ्याचे थोरले भाऊ. भासऱ्यासमोर धाकट्या भावाच्या बायकोनं तोंड दाखवायचं नाही आणि आवाजही काढायचा नाही, ही आमच्याकडची रीत. टाकी पटांगणाच्या तोंडाशीच होती. मी कुठेही उभी राहिले तरी माझा आवाज त्यांच्या कानावर गेलाच असता. त्यांची बायको, माझी मोठी जाऊ, त्या आठ जणींतच होती. घरी मी तिच्या हाताखाली, आणि मिलमध्ये ती माझ्या.

पहिल्या दिवशी मी पदर ओढून नुसती उभी राहिले. जाऊ बाकीच्यांना म्हणाली, "मुकी मुकादमीन भेटली वं आपल्याले." सगळ्या हसल्या.

मग मी सांगायचा नाद सोडला आणि आधी स्वतः करायला लागले. तोवर आम्ही टाकीजवळून पसरत पसरत दूर जायचो, आणि पुढचं टोपलं न्यायला पसरलेल्या धानाला वळसा पडायचा. एका सकाळी मी पहिलंच टोपलं सरळ पलीकडच्या भिंतीपाशी नेऊन ओतलं. मागची माझ्यामागे आली, तिच्यामागची तिच्यामागे. पुढे मी निम्म्या जणींना हातानं खूण करून भिंतीकडेच ठेवलं. बाकीच्या पसरत असतानाच आम्ही तिकडून पाय ओढत यायचो. कोणी काही विचारत नसे, माझ्या पायाकडे पाहत. माझा वेग तोच सगळ्यांचा झाला. उन्हं कलायच्या आत धान गोळा होऊन पोत्यांखाली जाऊ लागलं आणि आम्ही कडुलिंबाखाली बसू लागलो. जाऊनं एकदा आपल्या पानातला तुकडा मोडून मला दिला. तेवढे दिवस चांगले गेले.

दिवाणजींनी आम्हाला झाडाखाली बसलेलं पाहिलं. मला वाटलं, खूश होतील. त्यांनी मला टाकीजवळ बोलावलं. "एवढ्या लवकर बसून राहता, म्हणजे काम सहा जणींचं आहे. मंग आठ कायले? दोघी कमी कर. कोणत्या, ते तूच सांग, बाजाराच्या दिवसापर्यंत."

सगळ्यात हळू चालायची ती जाऊ. तिचा गुडघा सुजायचा. दिवाणजींना ते दिसत होतं. त्यांना फक्त ते माझ्या तोंडून हवं होतं. जाऊच्या मोठ्या पोरीला त्याच दिवसांत पाहायला येत होते, मजुरी गेली तर ते लग्न राहिलं असतं. तिला सोडून दुसऱ्या दोघी सांगाव्या, तर त्यांच्या घरीही चूल होती. नाही म्हणायचं तर आवाज लागतो, आणि भासरे टाकीच्या चाकावर हात ठेवून तिथेच उभे होते. मी मान खाली घालून परत धानात गेले.

दुसऱ्या दिवशी मी पाय हळू टाकले. मागच्या सगळ्या हळू झाल्या, पण कुरकुरत. जाऊ तर मोठ्यानं म्हणाली, "काहून वं, मुकादमीन झाली अन् आळस भरला?" तिला खरं सांगितलं असतं तर संध्याकाळपर्यंत ते गावभर झालं असतं आणि सकाळी दिवाणजींच्या कानावर. मी तशीच हळू पाय ओढत राहिले.

अडचण दुसरीच निघाली. आम्ही हळू झालो की वाफवलेलं धान टाकीच्या तोंडाशी साचणार, आणि तो ढीग पाहून आम्ही मुद्दाम हळू चालतो हे दिवाणजी समजणार. दुपारी मी भीतभीत तिकडे पाहिलं. ढीग नव्हता. टाकीचं दार बंद होतं. दिवाणजी विचारत होते, उशीर कायले? भासरे म्हणाले, "कोंडा ओला आहे जी. वाफ धरून नाही राहिली."

टाकीखाली जाळायचा तो कोंडा सकाळी मीच वाहून टाकला होता. तो कोरडा होता.

बाजाराच्या दिवशी दिवाणजींनी सगळ्यांसमोर मला बेकार म्हटलं. आठ जणी असून कामाला पुरत नाहीत, म्हणाले. कोणाला काढलं नाही. पोरीचं लग्न त्या उन्हाळ्यात झालं.

वाळवायचं यंत्र येईपर्यंत, कितीतरी वर्षं, आम्ही तसंच चाललो. लवकर कसं होतं ते पायांना ठाऊक होतं आणि त्यांना रोज आवरून धरायचं. मी झपझप पुढे निघाले की टाकीचं दार उघडायचं नाही. मग मी हळू व्हायची. भासरे आणि मी त्यावर एक शब्द बोललो नाही, बोलणारही कसे? जाऊ आजही चारचौघांत मला आळशी मुकादमीन म्हणते.

आता घरच्या अंगणात थोडं धान वाळत घालते, पलीकडच्या भिंतीकडून. कोणी नसलं की पाय भराभर चालतात. भासरे दारात दिसले की मी पदर ओढते आणि पाय आपोआप हळू होतात.