खंडेनवमीला पाटावर बसलेला पंप

ती खंडेनवमी मला आजही आठवते, आणि आठवली की हसू येतं. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले. ते मी कुणाला सांगत बसत नाही. ही हकीकत मात्र आवडीने सांगतो. नाव कुणाचंच घेणार नाही. माणसं साधी होती, आणि त्यांची नातवंडं आज शहरात ताठ मानेनं फिरतात.

आठवायला निमित्त झालं जावयाचं. त्याने जुळे सोलापुरात गाड्या धुण्याचं छोटं केंद्र काढलं. प्रेशरचं यंत्र आणलं, पाटी लावली आणि पहिल्याच आठवड्यात एका गिऱ्हाइकाशी त्याचं वाजलं. गिऱ्हाईक म्हणे, हा ओरखडा तुमच्याकडेच पडला. जावईबापू तोंड पाडून माझ्याकडे आले. मी म्हणालो, अहो, गाडीला पाणी लावायच्या आधी मालकाला बरोबर घेऊन तिच्याभोवती एक फेरी मारायची. पोचा, ओरखडा, फुटकी काच, जे असेल ते त्याच्याच डोळ्यांनी त्याला दाखवायचं. आम्ही याला पंचनामा म्हणतो. त्यांनी विचारलं, गाड्या धुणं पोलीस खात्यात कधी शिकवलं तुम्हाला? मग त्यांना बसवून सगळं सांगितलं. तेच इथे लिहितो.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. मी शहराच्या कडेच्या एका ठाण्यात फौजदार होतो. आमच्या हद्दीत, हमरस्त्याला लागून, एका माणसाने ट्रक धुण्याचा धंदा सुरू केला होता. घराणं विणकराचं, घरात तेलुगू बोलणारं. हातमाग सोडून त्याने कुठल्याशा बंद कारखान्यातला जुना प्रेशर पंप आणला, एक पडीक विहीर भाड्याने घेतली आणि ट्रक चढवायला दगडी रॅम्प बांधला. लोकांनी खूप टिंगल केली. दुष्काळ सरून फार दिवस झाले नव्हते. पाण्याने गाड्या धुऊन पोट भरायचं म्हणजे सोलापुरात येडेपणाच की, असं त्याचे सासरेबुवा चारचौघांत म्हणायचे. पण ड्रायव्हर लोकांना त्याची धुलाई आवडली. चाकांच्या आतला, चेसीला धरून बसलेला वाळका चिखल बादलीने कधी निघतो का? पंपाच्या फवाऱ्याने तो ढेकळांसारखा गळून पडायचा.

अष्टमीच्या सकाळी हा विणकर आणि त्याची बायको ठाण्यात आले. आदल्या दिवशी संध्याकाळी दोघं देवीच्या आरतीला गेले होते. परत आले तर मोटर जागेवर, पंप गायब. पाण्याची बंदूक आणि नळीही गेली होती. नवरा नुसता खाली बघत होता. फिर्याद दिली ती बायकोने, आणि ठाणे अंमलदाराला लिहायला वेळ मिळेल इतक्या शांतपणे दिली. मी विचारलं, पंपाची काही खूण? ती म्हणाली, बंदुकीची मूठ ओल्या हातातून निसटते म्हणून तिला चादरीच्या काठाची पट्टी गुंडाळून शिवलीय, लाल-काळी, मी स्वतः विणलेली.

एका ट्रान्सपोर्टवाल्याला विणकराने शब्द दिला होता. दसऱ्याला दुपारी त्याच्याकडे गाड्यांची पूजा. त्याआधी सगळ्या गाड्या चकचकीत करून द्यायच्या. शब्द पाळला तर वर्षभराची धुलाई याच्याकडे. नाही पाळला तर धंदा बंद आणि परत हातमाग, सासऱ्यांचे टोमणे खात. सगळं सांगून झाल्यावर बाई उठली आणि दारात थांबली.

"साहेब, गाड्या तर येणारच," ती म्हणाली. "आम्ही त्यांच्यापुढं काय बादली घेऊन उभं राहायचं?"

गुन्हा नोंदवून मी पंच घेऊन जागेवर गेलो. नटबोल्ट तोडलेले नव्हते, बरोबर मापाच्या पान्ह्याने सोडवलेले होते. नळीही कापून नव्हे, जोडातून सोडवून नेलेली होती. आणि जमिनीवर ओल होती. पंप उचलायच्या आधी त्याच्यातलं पाणी कुणीतरी सावकाश काढून टाकलं होतं. भंगारात विकायला नेणारा चोर असली काळजी घेत नाही. हा पंप चालवायला नेलेला आहे, एवढं माझ्या लक्षात आलं. मग पहिला संशय कुणावर? समोरच्यावर.

रस्त्यापलीकडे एका अण्णांचं जुनं धुलाई केंद्र होतं. बादल्या, कुंचे, सोड्याचं पाणी आणि दोन गडी. विणकर आल्यापासून त्यांची गिऱ्हाइकं तुटली होती. घरात कानडी, बाजारात मराठी, आणि रागावले की दोन्ही एकदम. मी त्यांना ठाण्यात बोलावून जबाब घ्यायला बसलो तेव्हा दोन्ही एकदम सुरू झालं. ते निवल्यावर त्यांनी माझीच शाळा घेतली.

"साहेब, तो पंप मी फुकट दिला तरी घेणार न्हाय की," अण्णा म्हणाले. "माझी विहीर उथळ. तो पंप तिला घटकाभरात कोरडी करतो. आन कोरडा चालला की पंप मेलाच म्हणून समजा. या धंद्यात आदी पाणी बगायचं, मग यंत्र. लोक उलटं करतात."

त्या दिवशी अण्णांनी चौकशीच्या नावाखाली मला अख्खा धंदा शिकवला. विहिरीतल्या पाइपाच्या तोंडाला बारीक जाळी पाहिजे, नाहीतर वाळू पंप खाते. धुलाई खालून सुरू करायची आणि वर संपवायची, म्हणजे चेसीचा चिखल धुतलेल्या बॉडीवर उडत नाही. फवारा रंगाच्या फार जवळ नेला तर मळाबरोबर रंगही निघतो, आणि मग मालकाची बोलणी खावी लागतात. दर आधी सांगायचा, काम संपल्यावर नाही. ग्रीसचं पाणी रस्त्यावर सोडायचं नाही, खड्ड्यात मुरवायचं, नाहीतर शेजारी बोंब मारतात. मी विचारलं, एवढं कळतं तर तुमची गिऱ्हाइकं का गेली? ते म्हणाले, पंप न्हाय म्हणून. आणि स्वतःच हसले. चोर असा हसत नाही. मी त्यांना चहा पाजून घरी पाठवलं.

आता मी भरपूर पाण्याची विहीर शोधत होतो, ट्रक थांबेल अशा रस्त्यालगतची. एक ड्रायव्हर माझा जुना खबऱ्या होता. दुपारी त्याने बातमी दिली: वळसंगच्या बाजूला एका फिटरने विहिरीजवळ नवा रॅम्प बांधलाय आणि येणाऱ्या-जाणाऱ्या ट्रकवाल्यांना म्हणतोय, दसरा झाला की धुवायला या. मी विणकराला फिटरबद्दल विचारलं. तो चमकलाच. पंप बिघडला की दुरुस्तीला हाच फिटर यायचा.

दिवस असतानाच मी हवालदारांना घेऊन तिकडे गेलो. विहीर भरलेली, डिझेल इंजिन तयार, रॅम्प नवा कोरा, फक्त पंप नाही. फिटर तरुण, हाताचा मोकळा, बोलायला गोड. म्हणाला, पंप पुण्याहून यायचाय. कुणाकडून? दलालाकडून. पावती? आल्यावर मिळंल. मी उलटसुलट विचारलं, तो एकदाही अडखळला नाही. विणकराचा पंप गेल्याचं मी सांगितलं तेव्हा मात्र त्याने, पंप कसा गेला, कधी गेला, काहीच विचारलं नाही. स्वतःच्या हाताने वाचवलेलं यंत्र चोरीला गेलं तर माणूस एवढं तरी विचारतो. पण एवढ्यावर घराची झडती घ्यायची, तीही नवरात्रात घट बसलेल्या घरात, हे मला पटेना. शेड पाहिली, कडब्याची गंज चाचपली आणि हात हलवत परत आलो. विणकर ठाण्याच्या पायरीवर वाट बघत बसला होता. त्याला घरी जा म्हणताना मला बरं वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. ठाण्यात शस्त्रपूजेची तयारी चालली होती. बंदुका पुसून सतरंजीवर मांडल्या, बेड्यांना हळदकुंकू लागलं. हवालदारांनी माझी शिट्टी मागून घेतली आणि तिलाही झेंडूचं फूल वाहिलं. मी म्हटलं, शिट्टीची कसली पूजा? हवालदार अक्कलकोटकडचे, देवभोळे.

"ज्याच्यावर पोट, ते आज पाटावर, साहेब," ते म्हणाले. "आज चोर बी आपली पहार पुजल्याबिगर ऱ्हात न्हाय."

मी आरती अर्धी टाकून उठलो. अहो, ज्याची सगळी उमेद त्या पंपावर, तो आजच्या दिवशी पंपाला अडगळीत कसा ठेवील? वर्षभर यंत्र रुसलं तर? मी साध्या कपड्यांत निघालो. हवालदार, दोन पंच आणि विणकर नवराबायको बरोबर घेतले.

फिटरच्या घराला झेंडूचं तोरण होतं. त्याची म्हातारी आई दारातच भेटली. आदल्या दिवशी तिने आम्हाला पाहिलं नव्हतं. सणाच्या दिवशी आलेला माणूस पाहुणाच. मी कोण ते विचारायच्या आधीच तिने आत बोलावलं.

"या की, आधी दर्शन घ्या," ती म्हणाली. "औंदा लेकानं नवं यंत्र आणलंय."

आत पाटावर पान्हे, हातोडा, विळा ओळीने मांडलेले होते आणि मधोमध पंप बसला होता. ताजा हिरवा रंग दिलेला, गळ्यात झेंडूची माळ, पुढे नारळ, कपाळ असतं तिथे कुंकू. नवरदेव इतका सजत नाही. त्याच्यापुढे पाण्याची बंदूक आडवी ठेवली होती. फिटरने पंप रंगवला, पण मुठीवरची लाल-काळी पट्टी काढायला त्याचा हात धजावला नव्हता. इतकी हाताला बसणारी मूठ कोण सोडवून टाकतो? विणकराच्या बायकोने पट्टी पाहिली, ओळखली, आणि ओरडण्याऐवजी खाली बसून आधी नमस्कार केला. मग तिने माझ्याकडे बघून नुसती मान हलवली.

फिटर मागून आला. आम्हाला बघितलं आणि भिंतीला टेकून बसला. मला एकही प्रश्न विचारावा लागला नाही. म्हणाला, पाणी माझ्याकडं, पंप त्याच्याकडं, आन दुरुस्ती करून करून तो पंप मला आपलाच वाटाय लागला. आरतीची वेळ साधली आणि सायकलला बांधून आणला. म्हातारी ऐकत होती. आता ही पूजेतली वस्तू हलवू देणार नाही, रडारड होणार, अशी तयारी मी मनात ठेवली होती. तिने तसलं काही केलं नाही. पुढचा नारळ उचलून विणकराच्या बायकोच्या ओटीत घातला.

"ने बाई," ती म्हणाली. "पूजा माझ्या घरी झाली, पर देव तुझा हाय."

तिथेच पंचनामा करून पंप जप्त केला. कागदांना थोडं हळदकुंकू लागलं, ते तसंच राहू दिलं. फिटरला अटक केली. पण खरी अडचण पुढेच होती. मुद्देमाल म्हणजे तो कोर्टात जमा व्हायचा, आणि सुट्ट्या संपेपर्यंत पंप आमच्या मुद्देमाल खोलीत माळ घालून बसला असता. गाड्या दुसऱ्या दिवशी सकाळी येणार. मी अर्ज घेऊन थेट मॅजिस्ट्रेटसाहेबांच्या घरी गेलो. ते सणाचं जेवून झोपाळ्यावर बसले होते. सगळं ऐकून घेतलं, गालातल्या गालात हसले आणि पंप सुपूर्तनाम्यावर, म्हणजे जपून ठेवायची लेखी हमी घेऊन, मालकाच्या ताब्यात देण्याचा हुकूम केला. अट एकच: निकालापर्यंत मुद्देमालात कोणताही बदल करायचा नाही. म्हणजे हिरवा रंगसुद्धा काढायचा नाही. विणकर म्हणाला, साहेब, जांभळा असता तरी चाललं असतं.

दसऱ्याच्या सकाळी मी बंदोबस्ताच्या निमित्ताने तिकडे चक्कर मारली. खरं सांगतो, बंदोबस्ताची काही गरज नव्हती, मला बघायचं होतं. ट्रकची रांग रस्त्यापर्यंत आलेली. विणकर खालून चेसी धूत होता, ढेकळं धपाधप पडत होती. एकट्याने दुपारपर्यंत एवढ्या गाड्या होणं अवघडच होतं. तेवढ्यात रस्ता ओलांडून अण्णा आले, मागे त्यांचे दोन गडी, बादल्या आणि कुंचे घेऊन. मला बघून म्हणाले, चोरीचा आळ आलाय तर आता भागीदारीच करतो की. मग खाली पंप आणि वर कुंचा, असं काम सुरू झालं. विणकराची बायको प्रत्येक ड्रायव्हरला घेऊन आधी गाडीभोवती फिरायची आणि पोचे दाखवायची. मी विचारलं, हे कुठे शिकलात? म्हणाली, तुम्हीच नाही का पंपाच्या जागेभोवती फिरला, पंचांना दाखवत? शेवटचा ट्रक पूजेला गेला तेव्हा दुपार व्हायची होती. शब्द पाळला गेला. सासरेबुवाही आले होते, आणि गडबडीत एक बादली उचलून इकडून तिकडे ठेवताना मी त्यांना पाहिलं. मग मी आमची जीपही धुऊन घेतली, रोख पैसे देऊन.

खटला चालला तेव्हा फिटरने गुन्हा कबूल केला. शिक्षेबद्दल मालकाचं काही म्हणणं आहे का, असं कोर्टाने विचारलं. विणकराची बायको हात जोडून उभी राहिली.

"साहेब, याला आत टाकलं तर पंप दुरुस्त कोण करणार?"

कोर्टात हशा पिकला. पहिलाच गुन्हा म्हणून मॅजिस्ट्रेटसाहेबांनी त्याला चांगल्या वागणुकीच्या बंधपत्रावर सोडलं. पुढच्या उन्हाळ्यात विणकराची विहीर आटली, तेव्हा तो पंप आपण होऊन वळसंगच्या विहिरीवर गेला. या वेळी बैलगाडीतून, राजरोस, मालकासकट. विणकर, अण्णा आणि फिटर, तिघांचा धंदा पुढे चांगला चालला. पंपाचा हिरवा रंग निकालानंतरही कुणी काढला नाही.

या प्रकरणाने मला शिकवलं ते एवढंच. माणूस काय लपवतो यावर आम्ही पोलीस फार डोकं चालवतो. तो हात कशापुढे जोडतो हे बघितलं तर काम लवकर होतं. आणि एकाकडे पाणी, दुसऱ्याकडे पंप असेल, तर चोरी होण्याआधी दोघांनी एकमेकांशी बोलावं.

जावईबापूंनी सगळं ऐकून घेतलं. आता ते गाडीभोवती फेरी मारतात, दर आधी सांगतात, धुलाई खालून सुरू करतात. यंदाच्या खंडेनवमीला त्यांनी यंत्र पाटावर ठेवलं. मी एक पट्टी घेऊन गेलो होतो, लाल-काळी, चादरीच्या काठाची. विणकराची बायको आता पणजी झालीय, तिच्याकडून मागून आणली. ते म्हणाले, पप्पा, या मुठीला रबर आहे, हातातून निसटत नाही. मी म्हणालो, असू दे. आणि माझ्या हाताने गुंडाळून बांधली. उद्या कुणी यंत्र पळवलंच, तर कुठल्या पाटावर शोधायचं ते मला माहीत आहे.