आखाजीच्या बारातल्या बदनाम बायका

मी पाणीपुरवठा खात्यात आहे. धरणात काल किती पाणी होतं आणि आज किती आहे, हे रोज सकाळी लिहून घेण्यात माझी सव्वीस वर्षं गेली. दिसलं की मोजायचं आणि मोजलं की लिहायचं, ही खोड जळगावच्या घरीही सुटत नाही. आखाजीच्या बाराची वही त्याच खोडीतून सुरू झाली.

आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया. त्या दिवशी आमच्याकडे लेकी माहेरी येतात, झाडांना झोके बांधतात, घरोघरी आमरस आणि सांजोऱ्या होतात आणि पुरुष राजरोस पत्ते खेळतात. अमळनेर तालुक्यातल्या आमच्या गावी ऊन कलल्यावर बायका कोरड्या नदीत उतरतात. एका काठाला आमच्या गावच्या, दुसऱ्या काठाला पलीकडच्या गावच्या, मध्ये वाळू. मग त्या एकमेकींना शिव्या देतात. याला बार म्हणतात. पूर्वी दगडही मारत; आता शब्दांवर भागतं. सूर्य बुडाला की बार संपला आणि त्यातलं काही कोणी घरी न्यायचं नाही, असा नियम आहे. पुरुषांनी नदीत पाऊल टाकायचं नाही, हा दुसरा.

मी काठावरच्या निंबाखाली बसून लिहितो. शिव्या लिहिण्यासारख्या नसतात, पण एकमेकींना ज्या बदनाम बायकांची नावं ठेवतात ती लिहिण्यासारखी असतात. नऊ वर्षांच्या नोंदीत सगळ्यांत वर आहे ती दोन वर मागणारी राणी. एकेचाळीस वेळा. तिची बाजू मी शांतपणे तपासली. वर नवऱ्याने आपणहून देऊ केले होते, तेही तिने युद्धात त्याचा जीव वाचवला म्हणून. ते अमुक मुदतीत मागावेत असं कुठे ठरलं नव्हतं. तिने ते जपून ठेवले आणि वेळ आल्यावर काढले. माझी बायको साडीच्या दुकानाची सवलतीची कुपनं अशीच जपते आणि आम्ही तिला हुशार म्हणतो. चौदा वर्षं हा आकडा जरा जास्त झाला, एवढं मी मान्य करतो.

यादीत नाक कापलं गेलेलीही आहे. तिने रानात एकाला लग्नाचं विचारलं. तो म्हणाला, भावाला विचार. भावाने तिला परत याच्याकडे धाडलं. कचेरीत आपल्यालाही या टेबलावरून त्या टेबलावर असंच फिरवतात. आपणही चिडून अंगावर धावतो, पण नाक घेऊन घरी येतो.

पेशव्यांच्या काकूचं नाव तेवीस वेळा आलं आहे. पुतण्याला मारलं गारद्यांनी, काका तिथेच होता, आणि अडीचशे वर्षांनंतरही बारात काकाचं नाव एकदासुद्धा निघालेलं नाही. सिनेमातल्या सिगारेट ओढणाऱ्या बाईला तीन तासांत एक गाणं मिळतं आणि शेवटी नायकावर झाडलेली गोळीही तिलाच लागते. मालिकेतली मोठ्या टिकलीची जाऊ पाच-पाच वर्षं दुधात काहीतरी कालवते आणि घरातलं एक माणूस दगावत नाही. एवढं अपयश पदरात घेऊन रोज संध्याकाळी नटून उभं राहायला धीर लागतो. गाढविणीच्या दुधात अंघोळ करणारी मिसरची राणी शाळकरी पोरींनी बारात आणली. एक गाढवीण दिवसाला लिटरभर देते असं धरलं, तरी एका अंघोळीला शंभरावर गाढविणी लागतात. उन्हाळ्यात टँकरच्या फेऱ्या लावणाऱ्या माणसाला या एकाच बाईबद्दल फार माया वाटू शकत नाही.

या यादीत जिवंत बाई एकच आहे. माझी थोरली बहीण, अक्का. बारा वर्षांपूर्वी ती धुळ्यातल्या सासरच्या घरातून मुलीचा हात धरून बाहेर पडली आणि त्याच शहरात खोली घेऊन शिवणकाम करू लागली. मुलगी तेव्हा पंधरा वर्षांची होती आणि घरच्यांनी तिची शाळा बंद करून लग्न ठरवलं होतं. गावात कारण कोणी लक्षात ठेवलं नाही. नवरा सोडून आलेली, एवढंच राहिलं. ‘धुळ्याची’ ही नोंद वहीत दोन वर मागणाऱ्या राणीच्या खालोखाल आहे. अक्काला त्याचं काही नव्हतं. बारात आमच्या काठाची पुढारी तीच असायची आणि तिच्या तोंडाला पलीकडून कोणी लागत नसे.

यंदाची गोष्ट वेगळी होती. भाची आता धुळ्यात रक्त तपासणीच्या लॅबमध्ये नोकरी करते. तिला एक स्थळ आलं होतं. मुलगा नरडाण्याच्या एमआयडीसीत, राहणारा नेमका पलीकडच्या काठाचा. दोघांनी एकमेकांना पसंत केलं होतं. मुलाच्या आईने मात्र आखाजी झाली की कळवतो असं सांगितलं होतं. यापूर्वी दोन स्थळं अक्काचं कारण काढून परत गेली होती. हेही गेलं तर पुन्हा पाहुण्यांसमोर बसणार नाही, असं भाचीने आईला सांगून टाकलं होतं.

म्हणून सकाळी मी अक्काला म्हटलं, यंदा बार खेळू नकोस. तिने का म्हणून विचारलं. मी आकडा सांगितला. पलीकडे साठ बायका, घरटी चार माणसं, म्हणजे चारशे ऐंशी कान.  ती म्हणाली, “बरं भाऊ, तू म्हणस तं तोंडले कुलूप.”

दुपारी ती नदीत उतरली, पण एका दगडावर पदर घेऊन बसली. पलीकडे सगळ्यांत पुढे मुलाची आई उभी होती. धिप्पाड बाई, आवाज असा की पत्ते खेळणारेसुद्धा डाव थांबवून ऐकत होते. तिने आमच्या बायकांना दोन-चार नावं ठेवली आणि मग अक्काला धरलं. वर मागणारी झाली, नाककापी झाली, मालिकेतली जाऊ झाली. पाऊण तासात एकोणीस शिव्या मोजल्या, त्यांतल्या चौदा एकट्या अक्काला. मी घामाघूम झालो, पण आपण तिला गप्प बसवलं याचं मनात समाधानही होतं.

मग त्या बाईचा आवाज उतरला. ती वाळूत आणखी दोन पावलं पुढे आली आणि म्हणाली, “का वं, जीभ धुळामा ठी उनी का? आमनासंगे बोलानी लाज वाटस का तुले?”

जीभ धुळ्यात ठेवून आलीस का, आमच्याशी बोलायची लाज वाटते का, असं ती विचारत होती. अक्काने मान खाली घातली. बाई वळली आणि आपल्या काठाकडे चालू लागली. तिच्या मागच्या बायकाही वळल्या.

माझी बायको तरातरा चढ चढून माझ्याकडे आली. इतकी चिडलेली मी तिला क्वचित पाहिली आहे.

“काय मोजत बसलात? ती शिव्या देत नव्हती, विचारत होती. परक्या बाईला कोणी चौदा शिव्या देतं का? अक्का गप्प राहिल्या, म्हणजे तुमच्याशी नातं नको असं सांगून झालं.”

नऊ वर्षं लिहून हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं. वही उघडून पाहिलं असतं तर दिसलं असतं, की लग्नाला आलेल्या परगावच्या पाहुणीला बारात आजवर एकही शिवी पडलेली नाही.

मी चपला हातात घेतल्या आणि नदीत उतरलो. दोन्ही काठांवर असा हशा उठला की निंबावरचे कावळे उडाले. पलीकडून कोणीतरी मला साडी नेसवायची भाषा केली. मी अक्कापाशी जाऊन म्हटलं, “अक्का, माझं चुकलं. बोल.”

तिने आधी मला एक शिवी दिली. ती मी इथे लिहीत नाही. मग उठून पदर खोचला आणि पाठमोऱ्या बाईला हाक घातली. “ओ मोठी! नवरा सोडा मी, पन पोरनी शाळा नही सोडी. तुन्हा आंडोर तिन्हा मोरे नापास व्हई, दख.”

नवरा सोडला पण मुलीची शाळा नाही सोडली, तुझा मुलगा तिच्यापुढे नापास होईल, हे भावी सुनेच्या आईने साठ बायकांसमोर सांगितलं होतं.  बाई सावकाश वळली. दोन्ही हात कमरेवर ठेवले, आणि ऊन विहिरीवरच्या चिंचेमागे जाईपर्यंत त्या दोघी थांबल्या नाहीत. मला मोजणं जमलं नाही. भाची झोक्यावर बसून पाय हलवत ऐकत होती.

शेवटची शिवी पलीकडून आली. त्या दिवसातली ती सगळ्यांत वाईट होती, आणि तिच्या शेवटी ‘याहीन’ हा शब्द होता. आमच्याकडे विहिणीला याहीन म्हणतात.  डोळ्यांत वाळू गेल्यासारखी अक्का पदराने डोळे पुसत राहिली.

सूर्य बुडाल्यावर पलीकडून सांजोऱ्यांचा डबा आला. मी निंबाखाली परत आलो, वही उघडली आणि अक्काच्या नावापुढे आजचे आकडे लिहायला घेतले. मग ते राहू दिले. बदनाम माणसांच्या यादीत नऊ वर्षांत पहिल्यांदाच एका पुरुषाची भर पडली होती. ती नोंद तेवढी केली, माझ्या नावापुढे एक आकडा घातला आणि डब्यातली सांजोरी खाल्ली.