आक्काची अंघोळ

आक्का मोरीत पडली त्या दिवशी मी नाशिकला घरीच होतो. सातपूरच्या कारखान्यातून निवृत्त होऊन मला काही महिनेच झाले होते. फोन चुलत वहिनीचा होता. तिचं घर आमच्या मळ्यातल्या घराला लागूनच आहे.

"भाऊजी, आक्का सकाळपासून मोरीत पडून व्हत्या. आत्ता दूध द्यायला गेले तवा दिसल्या. शुद्धीवर हायेत, पण कुणाला हात लावू देत नाय."

आत्ता म्हणजे दिवेलागणीची वेळ होती.

आक्का माझी थोरली बहीण. अगदी लहान असताना तिला पोलिओ झाला आणि दोन्ही पाय गेले. माझा जन्म त्यानंतरचा, त्यामुळे मला आठवते ती हातांवर सरकणारी आक्काच. तळहातांना टायरच्या रबराचे तुकडे बांधून ती घरभर, ओट्यावर, अंगणात फिरायची. तिचे खांदे एखाद्या पैलवानासारखे होते. शाळेत तिला कोणी घातलं नाही. माझ्या पुस्तकांवरून ती वाचायला शिकली. पुढं वडिलांनी हातमशीन आणून दिलं आणि ती ब्लाउज शिवायला लागली. निफाड तालुक्यातल्या आमच्या त्या गावात कुणाच्याही घरी लग्न निघालं, की बायका कापड घेऊन आमच्या ओट्यावर यायच्या. तिच्या स्वतःच्या लग्नाचा विषय मात्र आमच्या घरात कधी निघाला नाही.

वडील गेले, मग आई गेली. आईच्या दहाव्यानंतर मी तिला म्हणालो, "आता चल माझ्याकडं."

"तिसऱ्या मजल्यावर मला चढवणार कोण? आणि चढवलं तर उतरवणार कोण?" ती म्हणाली आणि तिथंच एकटी राहिली. मी महिन्यातून एकदोनदा जायचो, सामान भरून द्यायचो आणि यायचो. तिचं सगळं नीट चाललं आहे असं मला वाटायचं.

खुब्याचं हाड मोडलं होतं. नाशिकला ऑपरेशन झालं. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी तिचे हात वर उचलायला लावले. उजवा खांद्यापर्यंत आला, डावा तेवढाही आला नाही.

"हे असं कधीपासून आहे, बाई?"

आक्का पंख्याकडं बघत राहिली. "आई व्हती तवापासून."

डॉक्टरांनी मला बाहेर नेऊन सांगितलं, की जुन्या पोलिओच्या पेशंटमध्ये असं होतं. या हातांनी आयुष्यभर पायांचंही काम केलंय, ते आता थकलेत. अजून कमजोर होतील, आणि पुढं श्वासाचेही स्नायू जातील. मी विचारलं, "औषध?" त्यांनी नकारार्थी मान हलवली.

तिला आमच्या फ्लॅटवर आणलं. चार माणसांनी खुर्चीवरून वर चढवलं. हॉलमध्ये पलंग टाकला. तिचं सगळं माझी बायको करायची. भांडं लावणं, पुसून घेणं, कूस बदलणं. माझ्या बायकोला कंबरेचा जुना त्रास आहे. ती बोलायची नाही, पण रात्री झोपताना पलंगाचा कठडा धरून हळूहळू आडवी व्हायची.

थोड्याच दिवसांत आक्काला थंडी वाजून ताप भरला. लघवीला इन्फेक्शन झालं होतं. पाणी किती पितात, असं डॉक्टरांनी विचारलं. बायको म्हणाली, की तांब्या तर रोज रिकामा होतो. घरी आल्यावर आम्ही लक्ष ठेवलं. आक्का तांब्या कलता करून पाणी उशाशी ठेवलेल्या टॉवेलवर ओतून द्यायची. टॉवेल ओला दिसायचा तेव्हा पिताना सांडलं असेल असंच आम्हाला वाटलं होतं.

"असं का करता, आक्का?" बायकोने विचारलं.

"प्यालं की तुला उठावं लागतं. तुझी कंबर बघती ना मी."

बायको स्वयंपाकघरात गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. आक्का मला म्हणाली, "मला घरी नेऊन टाक."

"तिथं कोण बघणार तुझ्याकडं?"

"नाय बघितलं तर नाय."

मी तिच्याबरोबर जायचं ठरवलं. बायकोला सांगितलं तेव्हा ती भाजी निवडत होती. "अहो, मला तिथं येऊन राहणं जमणार नाही," ती म्हणाली. "आधीच सांगते. नंतर मनात धरू नका."

"नाही धरणार."

बहुतेक दिवस मी ते पाळलं.

गावी सुरुवातीला बरं चाललं. गावातली एक बाई सकाळ-संध्याकाळ यायची आणि आक्काची अंघोळ, कपडे, अंथरूण सगळं करायची. स्वयंपाक मी करायचो. आक्का अंथरुणावरून मला ओरडायची, की कांदा करपला, वास इथवर आलाय. मग ऑक्टोबरची छाटणी झाली, घड निघाले आणि द्राक्षबागांमध्ये विरळणीची आणि घड औषधात बुडवायची, म्हणजे डिपिंगची, कामं सुरू झाली. त्या दिवसांत आमच्याकडं बाईमाणूस घरात सापडत नाही. पेठ-सुरगाण्याकडून जीपा भरून मजूर आणतात तरी हात पुरत नाहीत. ती बाई ओट्याखाली उभी राहून म्हणाली, "दादा, टोळीतून एकदा नाव कटलं तर पुढच्या साली घेत नाय." वहिनी दोन-चार दिवस येऊन गेली, पण तिची स्वतःची बाग होती आणि घरात अंथरुणाला खिळलेली सासू.

एका सकाळी मी चहा घेऊन गेलो तर खोलीत वास होता. आक्काचं तोंड भिंतीकडं होतं.

"वहिनीला बोलव."

"ती बागेत गेली. सगळ्याच गेल्यात."

"मग राहू दे. सांजेला येईल ती."

"सांजेपर्यंत असंच पडून राहणार?"

मी चहा खाली ठेवला.

"आक्का, मी करतो."

"तू माझं करणार? बाप्या माणूस?"

"दुसरं कोण हाय?" मी म्हणालो. कित्येक वर्षांनी तिच्याशी मी घरच्या भाषेत बोललो.

बाहेर कुणाच्या तरी बागेत फवारणीचा ट्रॅक्टर चालू होता. मग आक्का म्हणाली, "तोंडावर पदर टाक माझ्या."

तिला स्वतःला तो ओढता येत नव्हता. मी पदर घेतला आणि तिच्या तोंडावर टाकला, कपाळापासून हनुवटीपर्यंत. मग पाणी आणलं, कपडे आणले. मला काहीच येत नव्हतं. तिला कुशीवर वळवताना डावा खांदा ओढला गेला आणि ती कण्हली. पाणी गादीवर सांडलं. शक्य होईल तेवढं मी भिंतीकडं बघत होतो आणि हात चालवत होतो. पाय तर तिचे लहान मुलीचेच होते. रडण्याचा आवाज नव्हता, पण श्वासाबरोबर पदर तोंडाशी आत ओढला जात होता आणि बाहेर येत होता.

सगळं झाल्यावर मी पदर काढला. तिने माझ्याकडं न बघता म्हटलं, "पाणी लय गार व्हतं."

पुढं रोज मीच करू लागलो. पाणी कोपराने तपासायला शिकलो. रोज आधी पदर टाकायचो, मग कामाला लागायचो. त्या वेळात ती पदराखालून बोलत राहायची. कुणाच्या बागेत यंदा भुरीचा रोग आला, कुणाची सून माहेरी जाऊन बसली, काहीही. आपलं अंग कुणीतरी धुतंय हे तिला तेवढा वेळ ऐकू येऊ द्यायचं नव्हतं, असं मला वाटतं. पुढं केव्हातरी एकदा मी पदर टाकायला विसरलो. तिनेही आठवण केली नाही. त्यानंतर आम्ही तो टाकला नाही.

शिवायला आलेली कापडं मशीनशेजारी गठ्ठ्यात तशीच होती. बायका एकेक करून ती मागायला येऊ लागल्या. आधी इकडचं-तिकडचं बोलायच्या, मग हळूच म्हणायच्या, "ते माझं मोरपंखी असंल बघा." आक्का अंथरुणावरूनच सांगायची, खालून दुसरं, कडेला डाग असलेलं. सगळी गेल्यावर मला म्हणाली, "मशीन झाकून ठेव." मी विचारलं, विकायचं का. ती म्हणाली, "झाकून ठेव म्हणलं ना."

दिवस वाईट असायचे ते हवापाण्यामुळं नाही, आमच्यामुळं. तिला माझ्या हातचं आवडायचं नाही. मला तिचा आवाज सहन व्हायचा नाही. एकदा मी भाकरी दुधात कुस्करून भरवत होतो. तिने घास थुंकला. "कच्ची हाय." मी ताटली उचलली आणि अंगणात भिरकावली. कुत्रं धावत आलं.

"सुटायचंय तुला," ती म्हणाली.

"हो. सुटायचंय."

मी हे बोलून गेलो आणि दारात उभा राहिलो. मागून ती म्हणाली, "मलाबी सुटायचंय. आता दोघांनी वाट बघायची."

मी परत आत गेलो, दुसरी भाकरी टाकली. तिने ती सगळी खाल्ली.

दुसऱ्या हिवाळ्यापर्यंत तिचा उजवा हातही गेला. तोंडावर बसलेली माशी उडवायलाही मला हाक मारावी लागायची. माकडहाडाशी जखम झाली. दवाखान्यातला वर-खाली होणारा पलंग आणि हवेची गादी आणली, तरी जखम तळहाताएवढी झाली. मी रोज ती धुवायचो, पट्टी भरायचो. आत हाडाचा पांढरा भाग दिसायचा. तिने विचारलं, "केवढी हाय?" मी म्हणालो, "लहान हाय. भरत आलीय." ती म्हणाली, "वास येतो ना मला."

निफाडची थंडी सगळ्यांना पेपरातून माहीत असते. त्या वर्षी पारा फार उतरला. द्राक्षांचे मणी तडकू नयेत म्हणून लोक पहाटे बागांमधून शेकोट्या पेटवायचे आणि सगळ्या मळ्यांवर धूर बसून राहायचा. खिडक्यांच्या फटींना मी कपडे कोंबले. पण तिला खोकला झाला, आणि खोकून बाहेर काढायची ताकदच तिच्यात नव्हती. छातीत नुसती घरघर. नाशिकला नेलं. डॉक्टर म्हणाले, श्वासाचं मशीन लावावं लागेल, लावलं तर बहुधा निघणार नाही, ठरवा. त्यांनी ते तिच्यासमोर सांगितलं हे बरं केलं.

आक्का म्हणाली, "नको."

मग माझ्याकडं बघून तिने विचारलं, "तू काय म्हणतो?"

"तू म्हणशील ते."

हे उत्तर मी तिच्यासाठी दिलं की माझ्यासाठी, हे मला तेव्हा कळलं नाही आणि आजही कळत नाही. मी खूप थकलो होतो एवढं खरं.

तिला घरी आणलं. या वेळी बायको बरोबर आली. तिने पिशवीत स्वतःचे बरेच कपडे घेतलेले मी पाहिले. दोन-तीन दिवस तिने आक्काचं डोकं मांडीवर घेऊन चमच्याने पाणी पाजलं. आक्का ते घ्यायची. एका सकाळी मी चुलीवर पाणी तापवत होतो तेव्हा बायकोने आतून हाक मारली. मी गेलो तेव्हा घरघर थांबलेली होती.

गावातल्या बायका जमल्या. वहिनीने पदर खोचला, पाणी मागवलं आणि म्हणाली, "भाऊजी, बाहेर व्हा. आक्कांना अंघोळ घालायचीय. बाप्यांनी थांबू नये."

मी बाहेर आलो. मागं दार लागलं. अंगणात पुरुष उभे होते, थंडीबद्दल बोलत होते. कुणाच्या बागेत किती नुकसान झालं, व्यापारी काय म्हणतोय. मी त्यांच्यात उभा राहिलो. आतून तांब्याचा, पाण्याचा आवाज येत होता. मग कुणीतरी म्हणालं, "धर गं इकडून, वळव," आणि माझ्या तोंडून मोठ्याने निघून गेलं:

"डावा खांदा ओढू नका. तिथं दुखतं तिला."

अंगणातले सगळे गप्प झाले. आतलं पाणीही थांबलं. थोड्या वेळाने दाराआडून वहिनीचा आवाज आला, "नाय ओढत, भाऊजी."

तेरावं झालं. येणारे-जाणारे म्हणायचे, सुटली बिचारी. काहीजण मलाही म्हणायचे, तुम्ही लय केलं, तुम्हीबी सुटले. मी मान हलवायचो. बायकोने एकदा विचारलं, "आता?" मी म्हणालो, "थोडे दिवस थांबतो." ती नाशिकला गेली. कंबरेवर उपचार सुरू करायचे होते.

एक दिवस शेजारच्या गावातला एकजण छोटा टेम्पो घेऊन आला. त्याच्या वडिलांना लकवा झाला होता. आमच्याकडं वर-खाली होणारा दवाखान्याचा पलंग पडून आहे, असं त्याला कुणीतरी सांगितलं होतं. मी पलंग दिला, हवेची गादीही दिली. दांडा कसा फिरवायचा ते दाखवलं, कूस कशी बदलायची, पाठीखाली हात कुठून घालायचा ते सांगितलं. तो हो हो म्हणत होता. त्याचं अर्धं लक्ष टेम्पोवाल्याकडं होतं.

दोन-चार दिवसांनी त्याचा फोन आला. आवाज पडलेला होता. "काका, ते पाठीला लाल झालंय वडलांच्या. आणि ते मला हातच लावू देत नाय. तुम्ही येता का एकदा?"

मी विचारलं, घरात आणखी कोण आहे. तो म्हणाला, कोणी नाही, सगळे बागेत गेलेत. मी चपला घातल्या आणि निघालो.