सुषमाचे पक्षी आणि आमचा कावळा

माझ्या फोनमधली जागा दर महिन्याला संपते. नवरा म्हणतो, सुषमाचे पक्षी डिलीट कर. पक्षी करता येतील हो, पण प्रत्येक पक्ष्याला एकेक किस्सा चिकटलेला आहे, त्याचं काय करायचं? मग मी नवऱ्याचेच फोटो उडवते.

सुषमा म्हणजे इथे जपानात, हिगाशी-कसाईत, आमच्या समोरच्या दारातली. आमची आमटी तिच्याकडे, तिची कोशिंबीर आमच्याकडे, असं आमचं बरीच वर्षं चाललं. मग तिच्या नवऱ्याला ऑस्ट्रेलियात नोकरी लागली, जंगलाच्या कडेला एका छोट्या गावात घर मिळालं, आणि पहिल्याच आठवड्यात ग्रुपवर फोटो आला. कपडे वाळत घालायच्या तारेवर एक गुलाबी काकाकुवा, चोचीत कपड्यांचा चिमटा. गुलाबी म्हणजे लग्नातल्या फेट्यासारखा गुलाबी.

केदारने, म्हणजे माझ्या नवऱ्याने, लगेच लिहिलं, "फिल्टर जरा कमी लाव."

सुषमाचं उत्तर आलं, "फिल्टर नाही. आणि आता चिमटेही नाहीत."

*

माझे सासरे, अप्पा, साताऱ्याला चित्रकलेचे शिक्षक होते. सासूबाई गेल्यावर आमच्याकडे आले. जपानी येत नाही, इथला टीव्ही कळत नाही, त्यामुळे सकाळचा चहा आणि सुषमाचा फोटो हेच त्यांचं वर्तमानपत्र. पक्ष्यांची इंग्रजी नावं मात्र त्यांनी पहिल्याच दिवशी नामंजूर केली.

कुकाबुरा नावाचा पक्षी माणसासारखा खदाखदा हसतो. सुषमाने त्याचा व्हिडिओ पाठवला, तर अप्पांनी त्याचं नाव ठेवलं कुलकर्णी. त्यांच्या शाळेत त्या नावाचे एक सर होते, विनोद सांगायच्या आधीच स्वतः हसून घ्यायचे. मग एक फ्रॉगमाउथ आला. हा दिवसभर डोळे मिटून फांदीवर असा बसतो की फांदीच वाटावा. केदारने विचारलं, याचं काय नाव ठेवायचं?

अप्पांनी फोटो मोठा करून नीट पाहिला. "नाव राहू दे. पर्मनंट झालेला दिसतोय."

*

तळमजल्यावर हारादा-सान नावाच्या आजी राहतात. वय सत्तरीचं, आणि बिल्डिंगच्या कचऱ्याच्या कट्ट्यावर त्यांची करडी नजर. जळणारा कचरा वेगळ्या दिवशी, न जळणारा वेगळ्या दिवशी, आणि पिशव्यांवर जाळी चारही बाजूंनी नीट दाबलेली पाहिजे, नाहीतर कावळे पिशव्या फाडतात. हारादा-सानचं कावळ्यांशी जुनं वैर आहे.

एकदा सुषमाने पिवळ्या तुऱ्याच्या पांढऱ्या काकाकुव्याचा फोटो पाठवला. पठ्ठ्या चोचीने कचऱ्याच्या डब्याचं झाकण उचलत होता. माझी मुलगी इरा तो दाखवायला खाली पळाली, मीही मागोमाग गेले. हारादा-साननी चष्मा लावला, बराच वेळ बघितलं. मला वाटलं, आता तुऱ्याचं कौतुक करणार.

त्यांनी विचारलं, हा जळणाऱ्या कचऱ्याचा डबा आहे का?

सुषमाला विचारून सांगितलं की डबा कसला ते सोडा, पण कचऱ्याची गाडी यायच्या दिवशीच हे पक्षी बरोबर हजर होतात. हारादा-सानना समाधान वाटलं. "म्हणजे वार पाळतात," त्या म्हणाल्या. "आपल्या दुसऱ्या मजल्यावरचे पाळत नाहीत."

*

इराला मराठीत विचारलं की ती जपानीत उत्तर देते. तिच्या शाळेत प्रत्येक मुलाच्या खुर्चीला एक जाड कापडी टोपडं असतं, भूकंप आला की डोक्यावर ओढायचं. सुषमाने सांगितलं की तिकडे वसंतात मॅगपाय नावाचे पक्षी घरट्याजवळून जाणाऱ्या माणसांच्या टाळक्यावर झडप घालतात. इराने फोन ओढून घेतला आणि जपानीतून मावशीला सूचना दिल्या: टोपडं घाल, टेबलाखाली बस, आणि मोठी माणसं सांगेपर्यंत बाहेर येऊ नकोस.

सुषमा म्हणाली, "मग ऑफिसला कधी जाऊ?"

*

आमच्याकडे रोज संध्याकाळी खांबावरच्या भोंग्यातून एक गाणं वाजतं. अप्पांना वाटायचं, मुलांनी खेळ थांबवून घरी जावं म्हणून. हारादा-साननी इराकरवी त्यांना खरं कारण समजावलं. संकटाच्या वेळी सूचना द्यायचे भोंगे आहेत हे, चालू आहेत ना ते बघायला रोज वाजवतात. एक दिवस वाजले नाहीत तर कोणीतरी बघायला येतं.

अप्पांना हे फार आवडलं. "म्हणजे सुषमाच्या फोटोसारखंच की," ते म्हणाले. तेव्हा आम्ही हसलो होतो.

*

गेल्या जानेवारीत इथे कडाक्याची थंडी आणि तिथे वणवे. एका सकाळी फोटो आला तो सगळाच नारिंगी. आकाश, अंगण, कपड्यांची तार, सगळं. तारेखाली पाण्याचं घमेलं आणि त्याच्या काठावर हरतऱ्हेचे पक्षी दाटीवाटीने बसलेले. एरवी एकमेकांना टोचून हाकलणारे, त्या दिवशी शेजारी शेजारी. केदारने सवयीने फिल्टरचं काहीतरी टाइप केलं आणि न पाठवताच पुसलं.

अप्पांनी विचारलं, "यांना उडता येतं, पण जायचं कुठे?"

दुसऱ्या दिवशी फोटो आला नाही. फोन लागेना. बातम्यांत त्यांच्या भागातले रस्ते बंद, वीज नाही, लोकांना बाहेर काढताहेत, एवढंच. त्यांच्या घरात दोन लहान मुलं. मी ऑफिसात स्क्रीनकडे बघत बसायचे आणि मला एक ओळ वाचता येत नव्हती, इतकी मी घाबरले होते.

अप्पा म्हणाले, तिकडचा भोंगा बंद आहे तर आपण आपला वाजवू. ते खाली गेले, कट्ट्यावर पिशवी फाडणाऱ्या कावळ्याचा फोटो काढला आणि सुषमाला पाठवला. खाली लिहिलं, "आम्ही ठीक."

मी म्हटलं, "अहो अप्पा, अशा वेळी कावळा?"

"मग मोर कुठून आणू?"

फोटोवर एकच टिक. तो पोचला नव्हता. दुसऱ्या दिवशी कचरा नव्हता, तर त्यांनी तारेवरचा कावळा पाठवला. पुन्हा एकच टिक.

*

इकडे बिल्डिंगमध्ये वेगळंच झालं. एक आजोबा सकाळी कचऱ्याच्या कट्ट्यापाशी फोटो काढतात म्हटल्यावर लोकांनी ठरवून टाकलं की कमिटीने माणूस नेमलाय. पुढच्या जळणाऱ्या कचऱ्याच्या दिवशी कट्टा देवघरासारखा. पिशव्यांना दुहेरी गाठी, जाळी चारही बाजूंनी दाबलेली. दुसऱ्या मजल्यावरच्यांनीसुद्धा वार पाळला होता.

फक्त कावळा नव्हता. फाडायला काही नाही, तर तो येईल कशाला?

अप्पा कानटोपी घालून थंडीत उभे, हातात फोन. मी म्हटलं, चला वर. ते हलेनात. इतक्यात हारादा-सान आल्या. त्यांनी इराला काहीतरी विचारलं, इराने सांगितलं की सुषमा-मावशीचा अजून पत्ता नाही, आणि आजोबांना कावळा हवाय. हारादा-साननी कट्ट्याकडे बघितलं. इकडेतिकडे बघितलं. मग गुडघ्यावर हात टेकत वाकल्या, आणि जाळीचा एक कोपरा उचलून त्यांनी बाजूला सारला.

कावळा लगेच आला. अप्पांनी फोटो काढला. एकच टिक.

त्या संध्याकाळी मी घरी येताना भोंग्याचं गाणं वाजत होतं. अप्पा, इरा आणि हारादा-सान दारातच उभे होते, आणि अप्पांच्या फोनवर सगळ्या कावळ्यांना दोन-दोन टिका आल्या होत्या. मागोमाग फोटो आला. कुठल्यातरी मैदानात उभी सुषमाची गाडी, राखेने माखलेली, आणि टपावर एक गुलाबी काकाकुवा.

अप्पांना वाचवेना. चष्मा आणि फोन त्यांनी माझ्या हातात दिला. मी मोठ्याने वाचलं.

"अप्पा, सगळे कावळे पोचले. आम्ही चौघं सुखरूप. घराचं अजून कळलं नाही. हारादा-सानना सांगा, शेवटच्या फोटोत जाळी एका कोपऱ्याला सुटली आहे."

इराने ते जपानीत सांगितलं. हारादा-सान फोनसमोर कमरेत वाकल्या, आणि त्यांनी सुषमाची माफी मागितली.