कोंबडा सहापर्यंत झोपावा म्हणून

आई माझ्याकडे सोलापूरला राहायला आली ती एका अटीवर. तिच्या दोन कोंबड्या बरोबर येणार. वडील गेल्यावर दोन वर्षं मी तिला बोलावत होते आणि दोन वर्षं ती "बघू की" म्हणत होती. करमाळ्याच्या पुढे आडबाजूला आमचं गाव, तिथे ती एकटी. इथे भवानी पेठेत भाड्याच्या दोन खोल्यांत मी एकटी. तिची अट ऐकली आणि मी त्याच संध्याकाळी घरमालकांना विचारलं. मागे न्हाणीघराजवळ दोन बाजा मावतील एवढं परस आहे. ते म्हणाले, शेजाऱ्यांची तक्रार आली नाही तर माझी काही हरकत नाही.

दिवाळीनंतर ती आली. टेंभुर्णीला एसटी बदलताना एका हातात कोंबड्यांची पाटी आणि दुसऱ्या हातात ज्वारीचा डबा. त्या ज्वारीत नऊ अंडी खुपसलेली होती. "एक बी फुटलं न्हाय," हे तिने उंबऱ्यातच सांगितलं. माझी तब्येत नंतर विचारली. आठवड्याभरात एक कोंबडी खुडूक बसली, आणि नऊ अंड्यांतून सहा पिल्लं निघाली. एक मांजराने नेलं. राहिलेल्या पाचांत चार तलंगा, म्हणजे कोवळ्या कोंबड्या, आणि एक कोंबडा.

भिंतीला भिंत लागून शेजारचं घर. तिथल्या मावशी घरी बसून विड्या वळतात, काका टॉवेलच्या मागावर दुसऱ्या पाळीला जातात आणि रात्री एक वाजता परत येतात. त्यांच्या घरात तेलुगू बोलतात, आमच्याशी मराठी. आई आणि मावशी एकमेकींना अक्का म्हणू लागल्या. कोण मोठी हे दोघींनाही ठाऊक नव्हतं, त्यामुळे दोघीही थोरल्या झाल्या. दुपारी मावशींच्या सुपाजवळ बसून आई पानं कातरायला शिकली. गावाकडून आलेली माझी आई या शहरात कुणाकडे तरी जाऊन बसते, या गोष्टीचं मला ऑफिसमध्ये बसल्या बसल्या बरं वाटायचं.

कोंबडा मोठा होऊ लागला तशी आई त्याच्यावर जास्तच खूश झाली. कारण दिसण्याचं नव्हतं. तांदळाचे कण टाकले की तो आधी खात नसे. कण चोचीत धरायचा, खाली टाकायचा, कुक-कुक करून कोंबड्यांना बोलवायचा आणि त्या आल्या की बाजूला व्हायचा. "बघ," आई मावशींना दाखवायची, "बापयात असा गुण किती जणांत हाय सांग." मावशी म्हणायच्या, आमच्याकडे तर आधी ताट, मग चौकशी. काका भिंतीपलीकडून खाकरायचे.

चैत्रात तो आरवायला लागला. पहिले काही दिवस आवाज फुटत नव्हता, मध्येच चिरकायचा, आणि आम्ही सगळेच हसायचो. वैशाखात मात्र गळा साफ झाला. पहाटे चार वाजता त्याची पहिली बांग. मग थांबून थांबून सहापर्यंत. मला त्याचं काही वाटत नसे, कारण मी चारला उठलेलीच असायची. माझी विभागीय परीक्षा जवळ आली होती. शाळेपासून माझा अभ्यास पहाटेचाच. गावात आई चारला उठून मला उठवायची, दिवा लावून द्यायची, आणि तिला स्वतःला एक अक्षर येत नसताना समोर बसून राहायची, मी डुलकी घेऊ नये म्हणून. आमच्या घरातली मी पहिली पदवीधर. त्या पदवीत तिचं ते बसणं किती आहे, हे मला रोज चार वाजता स्वयंपाकघरात पुस्तक उघडताना आठवतं.

एका सकाळी आईने नेहमीप्रमाणे वाटीत दोन अंडी घालून शेजारी पाठवली. वाटी कधी रिकामी येत नसे. शेंगाची चटणी, गुळाचा खडा, निदान चार मिरच्या तरी. त्या दिवशी वाटी रिकामी आली. दुसऱ्या दिवशी अंड्यांसकट परत आली. मावशींनी निरोप दिला, आता पुरे, उन्हाळ्यात सोसत नाहीत.

आईला लगेच कळलं. मला तिने समजावून सांगितलं. उन्हाळा म्हणून काका आत झोपत नव्हते. मागच्या दारी, भिंतीलगतच्या फरशीवर पाणी मारून तिथेच अंथरूण टाकत. एकला येणार, दोनला डोळा लागणार आणि चारला आमचा कोंबडा त्यांच्या उशापासून तीन हातांवर. आई म्हणाली, "दोन महिने सोसलं त्यांनी. आपली अंडी खाल्ली म्हणून बोलले न्हाईत."

मी म्हणाले, कापायचा असेल तर रविवार आहे. मी सहज बोलले, आमच्या घरात कोंबडी काही वर्ज्य नव्हती. आईने भाकरी तव्यावर टाकली. मग शांतपणे म्हणाली, त्यापेक्षा ती त्याला घेऊन गावाला जाईल. तिकडे कुणाची झोप मोडत नाही.

ती रुसून बोलली नव्हती, हेच मला जड गेलं. मुलीच्या नावाने शेजारात कडूपणा येऊ नये, एवढंच तिच्या मनात होतं. आणि मला माहीत होतं, एकदा गेली की पुन्हा दोन वर्षं "बघू की" ऐकावं लागेल.

मग मी कोंबड्याचा आवाज कमी करायच्या मागे लागले. आधी माझं डोकं चाललं ते चादरीकडे. घरात जाडजूड सोलापुरी चादर होती, ती रात्री खुराड्यावर चारी बाजूंनी गुंडाळली. आवाज थोडा दबला खरा. पण सकाळी चादर काढली तर कोंबडा चोच उघडी टाकून धापा टाकत होता, पंख खाली लोंबलेले. वैशाखातल्या सोलापुरात माणूस चादरीकडे बघत नाही आणि मी त्या मुक्या जिवाला तिच्यात कोंडलं होतं. आईने त्याला सावलीत धरलं, चोचीला थेंब थेंब पाणी लावलं. मग चादर घडी करून आत नेऊन ठेवली.

ऑफिसमधल्या एका सहकाऱ्याने मोबाइलवर व्हिडिओ दाखवला. कोंबड्याच्या गळ्याला पट्टा आवळायचा, म्हणजे हवा कमी जाते आणि बांग उमटत नाही. मी घरी येऊन सांगितलं. आई म्हणाली, "आधी तुझ्या गळ्याला बांधून बघू."

शेवटी दुपारची रजा टाकून मी सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात गेले. तिथल्या डॉक्टरबाई कोंबड्यासाठी रजा काढून आलेल्या माणसाला हसल्या नाहीत. गळ्याला काही बांधायचं नाही, कापडाने कोंडायचं नाही, हे त्यांनी आधी सांगितलं. मग म्हणाल्या, बांग द्यायला त्याला मान पूर्ण वर ताणावी लागते. रात्रीपुरतं त्याला बुटक्या खोक्यात ठेवा. बसता-उभं राहता आलं पाहिजे, वळता आलं पाहिजे, वारा आरपार गेला पाहिजे, फक्त मान ताणायला जागा नको. उजाडलं की लगेच सोडा, दिवसभर खोक्यात ठेवू नका.

फळांच्या दुकानातून सफरचंदाची दोन लाकडी खोकी आणली. आईने कोंबड्याला मांडीवर घेतलं, उभं केलं आणि तुऱ्याच्या वर दोन बोटं ठेवून माप घेतलं. दोन्ही बाजूंना फटी ठेवल्या, पुढे जाळी लावली. "बायकांपासून येगळा झोपवायचा म्हणजे," ती खिळे ठोकता ठोकता म्हणाली, "तक्रार कुटं करायची त्यानं?" खोकं नेहमीच्या जागी, खुराड्याशेजारी, स्वयंपाकघराच्या खिडकीखाली ठेवलं.

बांग निम्मी झाली. पण चारचा ठोका काही चुकेना. दबक्या आवाजात का होईना, तो चारला सुरू व्हायचा. तिसऱ्या दिवशी आईने पिशवी काढली आणि म्हणाली, रविवारी एसटीत बसवून दे.

शनिवारी दुपारी काका पाळीला निघायच्या आधी मी त्यांच्या दारात गेले. मी माफी मागायला गेले होते. तुमच्या झोपेची आमच्यामुळे वाट लागली, उद्यापासून त्रास होणार नाही, आई कोंबड्याला घेऊन गावी चालली आहे, असं सगळं एका दमात सांगितलं. मावशींचा हात सुपातच थांबला. काकांनी डबा खाली ठेवला.

"अक्का चालली? कोंबड्यापायी?"

मी मान हलवली. त्यांनी पायातली चप्पल काढून ठेवली. मग म्हणाले, "ताई, एक सांगू? राग मानू नका. कोंबडा आधी ओरडत नाही. आधी तुमची ट्यूब लागते. खिडकीतून उजेड माझ्या तोंडावर येतो, तसा त्याच्या पण येतो. त्याला वाटतं उजाडलं. मग तो ओरडतो. मागाच्या खडखडाटात मी उभ्या उभ्या झोपतो. आवाजाचं काय एवढं नाही मला. उजेडाचं आहे."

हे तुम्ही आधी का नाही सांगितलं, असं मी विचारलं.

"शिकणाऱ्या पोरीला लाईट बंद कर म्हणायचं? ते नाही निघालं तोंडातून."

मावशी सुपाकडे बघत म्हणाल्या, "कोंबड्याचं नाव घेणं सोपं होतं. ते पण नाही घेतलं. नुसती वाटी पाठवली."

मी त्यांच्या उंबऱ्यावर बसले. आजवर माझ्या अभ्यासासाठी कोण कोण जागलं याचा हिशेब मी आईपाशीच थांबवत आले होते. दोन महिने एक माणूस मागावरून येऊन, दोन तास झोपून, माझ्या ट्यूबच्या उजेडात डोळ्यांवर हात ठेवून पडून राहिला होता, आणि मी त्याच्या झोपेसाठी कोंबड्याला चादरीत गुंडाळत होते.

घरी येऊन आईला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "मग मीच केलं की हे. खुराडं खिडकीखाली मीच ठिवलं. तुझा उजेड असला की मांजर येत न्हाय म्हणून." त्यावर आम्ही दोघी हसलो, पुष्कळ दिवसांनी.

रविवारी एसटीच्या वेळेला आम्ही खुराडं उचलत होतो. काका भिंतीवरून सूचना देत होते, इकडे सरकवा, तिकडे नको, पाणी तुंबतं. न्हाणीघराच्या आडोशाला, जिथे आमचा उजेड पोचत नाही आणि वारा मात्र येतो, तिथे खुराडं आणि खोकं दोन्ही ठेवली. मांजराकरता बारीक जाळी दुहेरी केली. मी अभ्यासाची जागा पुढच्या खोलीत हलवली. पलंगावर पाय घेऊन, मांडीवर पुस्तक.

दुसऱ्या दिवशी चार वाजले. मी पुस्तक उघडलं आणि एक ओळही न वाचता ऐकत बसले. आई पण अंथरुणात जागी होती, तिच्या श्वासावरून कळत होतं. पाच झाले. पावणेसहाला उजाडलं तेव्हा खोक्यातून एक दबकी, अर्धवट बांग आली. आईने सहाला जाळी उघडली. तो बाहेर आला, दोन्ही पंख ताणले, अंग झाडलं आणि मान आभाळाकडे करून अशी खणखणीत बांग दिली की रात्रभराची बाकी वसूल झाली असावी. पलीकडे काका तेव्हाही झोपलेलेच होते. त्यांचं घोरणं भिंतीवरून ऐकू येत होतं.

अजूनही एखाद्या दिवशी तो पाचलाच सुरू होतो, पण खोक्यात असल्यामुळे आवाज पेठभर जात नाही. मग काका दुपारी विचारतात, आज साहेब कुजबुजत काय होते. परीक्षा मी दिली. निकाल लागायचा आहे.

खुराडं हलवलं त्याच आठवड्यात एका संध्याकाळी आईने मला गावाकडच्या शेजारणीला फोन लावून द्यायला सांगितलं. पावसापाण्याचं बोलून झाल्यावर ती म्हणाली, "आमच्या पडवीत प्लास्टिकखाली गोवऱ्या रचून ठिवल्यात बघ. मी आल्यावर लागतील म्हणून. त्या तू ने. भिजून माती व्हायच्या आदी ने." तिकडून काहीतरी विचारलं गेलं. आई म्हणाली, "न्हाय गं, आता कुटं. हितंच."

मग तिने कोंडा सोलापुरात किती महाग आहे हे सांगायला सुरुवात केली, आणि मी चहा ठेवायला उठले.