उसवा, परत लावा

टेलरबाईंच्या जिभेला हाड नाही, असं अख्खी गल्ली म्हणायची, आणि गल्लीचं फारसं काही चुकत नव्हतं. साठी उलटली तरी त्यांचं मशीन थांबलं नव्हतं आणि तोंडही. नवरा गेला, मुलं परगावी गेली, घरात उरल्या दोघीच: टेलरबाई आणि नव्वदीला टेकलेल्या सासूबाई. पुढच्या खोलीत शाळेचे गणवेश शिवले जात. शर्टांना बटणं लावायचं काम सासूबाईंचं. सुईत दोरा तेवढा टेलरबाई ओवून देत, बाकी सगळं म्हातारीनं करायचं. आंघोळ आपली आपण, ताट आपलं आपण घासायचं, आणि बटण वाकडं लागलं तर आपणच उसवायचं.

"हे बघा, डोळा मारतंय," टेलरबाई शर्ट पुढे धरत. "उसवा, परत लावा."

सासूबाई पुटपुटत, सुनेच्या सात पिढ्यांचा उद्धार करत, पण उसवत. भांडायला दोघींना रोज ताजं कारण मिळे.

एकदा नणंद आली ती नेमकी या उसवाउसवीच्या वेळी. तिच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. "वहिनी, या वयात माझ्या आईला राबवतेस? दगड आहेस दगड!" त्याच दिवशी ती आईला घेऊन गेली. टेलरबाई अवाक्षर बोलल्या नाहीत, असं गल्लीनं पहिल्यांदाच पाहिलं. मी राबवत नाही, जगवतेय, असं त्यांना ठणकावून सांगायचं होतं. पण लेकीपुढे सुनेचं कोण ऐकतं?

नणंदेनं आईला तळहाताच्या फोडासारखं जपलं. खोटं कशाला बोला, माया काही कमी नव्हती. चहा अंथरुणात, जेवण अंथरुणात, भरवायलासुद्धा बाई. उन्हाळा सरता सरता सासूबाईंनी ते अंथरूणच धरलं. मग जेवण तुटलं, बोलणं तुटलं. डॉक्टर म्हणाले, आजार असा काही नाही, वय झालंय. नणंदेनं रडत फोन केला, "वहिनी, एकदा भेटून जा."

टेलरबाई गेल्या. लोक आजाऱ्याला फळं नेतात, यांनी शर्ट आणि बटणं नेली. उशाशी बसून सुईत दोरा ओवला आणि म्हणाल्या, "शाळा उघडायला आली. मी एकटीनं किती मरमर करायची?"

"अगं, काही लाजलज्जा!" नणंद कळवळली.

सासूबाईंनी डोळे उघडले. हात पुढे केला. थरथरत, थांबत, बऱ्याच वेळानं एक बटण लागलं. टेलरबाईंनी शर्ट उजेडात धरला. छान म्हणून मोकळं होणं अगदी सोपं होतं.

"वाकडं आहे," त्या म्हणाल्या.

"तुझी मान वाकडी!" सासूबाई खेकसल्या. कित्येक दिवसांतलं हे त्यांचं पहिलं वाक्य. शर्ट ओढून घेऊन त्या उसवायला लागल्या. उसवून झाल्यावर कोपरावर भार देत उठून बसल्या आणि लेकीला विचारलं, "माझ्या चपला कुठायत?"

चपला माळ्यावर होत्या. आता कशाला लागतात, म्हणून नणंदेनंच त्या बांधून वर टाकल्या होत्या. स्टुलावर चढून तिनं त्या काढल्या, हातानं पुसल्या आणि आईच्या पायांत घालायला वाकली.

"राहू दे," टेलरबाई म्हणाल्या. "घालतील त्या."

नणंद हात मागे घेऊन तिथंच जमिनीवर बसली. सासूबाई पायानं चप्पल चाचपत होत्या. सुनेनं सासूकडे इतक्या अभिमानानं पाहिलेलं क्वचितच कुणी बघितलं असेल. अंगठा अडकायला बराच वेळ लागला. कुणी घाई केली नाही.